पहाडातील घर



या व्याख्यानमालेत काल इतिहासावर बोलणे झाले, उद्या अर्थकारणावर व्हावयाचे आहे. या दोहोंच्या मध्ये, डोंगरातल्या एका पडक्या घराची हकीकत सांगण्यासाठी आम्हांला उभे करण्यात कार्यवाहांनी धाडस केले आहे यात शंका नाही. आम्ही इतिहासकार नाही की अर्थशास्त्रज्ञ नाही. आमचे आयुष्य हिशेबाच्या कचेरीत गेले, आणि निवृत्तीनंतर हिमालयात एक लहानसे घर घ्यावे, एवढाच आमचा उभयतांचा मनोदय होता. तो मनोदय कसा सुरू झाला, कुठे अडला आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असे एक घर असते, हे आम्ही जाणतो. त्या घराला एक मोठी खिडकी असते, खिडकीतून बर्फाची शिखरे दिसतात, हातात चहाचा पेला असतो. या चित्रात पाणी भरणारा कोणी दिसत नाही, लाकडे फोडणारा दिसत नाही, आणि त्या चित्रात जानेवारी महिना कधी येतच नाही. आमच्याही चित्रात तो नव्हता.

आम्ही निवडलेला प्रदेश कुमाऊंचा. काठगोदामला रेल्वे संपते. तेथून भवाली, रामगड करीत मोटार मुक्तेश्वरला चढते. मुक्तेश्वर सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर आहे. त्याचे आपल्याशी एक जुने नाते आहे, ते मुद्दाम सांगतो. गुराढोरांच्या साथीच्या रोगांचे संशोधन करण्यासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा काढली. रोगजंतूंचे काम भरवस्तीत नको, म्हणून १८९३ साली ती उचलून मुक्तेश्वरच्या जंगलात नेली. ती संस्था आजही तेथे आहे. तेव्हा पुण्याहून मुक्तेश्वरला बिऱ्हाड हलविण्याचा विचार करणारे पहिले आम्ही नव्हेत. आमच्या आधी जंतू गेले.

आपण हसलात. पण तिकडची पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रात सांगतात, तशी परंपरा त्यांच्यात चालत आली आहे. त्यामुळे ‘आम्ही महाराष्ट्रातले’ म्हटले की एखादा म्हातारा म्हणतो, ‘मग तुम्ही फार उशिरा आलात.’ हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याला नुसता विनोद समजलो.

२०२२ च्या वसंतात आम्ही घर पाहावयास निघालो. बाजारात एक मध्यस्थ भेटला. गृहस्थ मोठा गोडबोल्या. त्याने पहिल्या दिवशी सहा जागा दाखविल्या, आणि सहाही ठिकाणी एकच वाक्य बोलला: ‘येथून पूर्ण हिमालय दिसतो.’ तेथे जमिनीचा भावच मुळी या दर्शनावर ठरतो. नंदादेवी आणि त्रिशूळ दिसत असतील तर एक भाव, झाडीआडून दिसत असतील तर दुसरा, आणि मुळीच दिसत नसतील तर मध्यस्थ ती जागा दाखवीतच नाही. आता यातली गोम पाहा. शिखरे उत्तरेला आहेत. म्हणजे जे घर शिखरांकडे तोंड करते ते उत्तरेकडे तोंड करते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरलेला असतो. उत्तरेच्या उतारावर दिवसेंदिवस ऊन पोचत नाही, दंव गोठते ते दुपारपर्यंत तसेच राहते, आणि नळातले पाणी काचेसारखे घट्ट होते. गावातली जुनी घरे पाहिली तर ती सगळी शिखरांकडे पाठ करून, उन्हाकडे तोंड करून बसलेली. ज्यांना तेथे राहावयाचे होते त्यांनी ऊन घेतले; ज्यांना तेथे येऊन जावयाचे आहे ते शिखरे घेतात.

दुसरी गोष्ट जागेच्या पायाची. २०२१ च्या ऑक्टोबरात, पाऊस संपला असे सर्वांनी धरल्यावर, त्या भागात अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वरच्या वेधशाळेत चोवीस तासांत ३४० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेथे १८९७ पासून नोंदी आहेत, त्यांत एका दिवसाचा इतका आकडा नव्हता. पुण्याला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याचा जवळजवळ निम्मा एका दिवसात. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या खुणा ताज्या होत्या. ओढ्याकाठी भराव घालून उठविलेल्या नव्या बंगल्यांच्या भिंती खचलेल्या दिसत होत्या, तर खडकाच्या नाकावर बांधलेली जुनी घरे जशीच्या तशी उभी होती. मध्यस्थाला याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा.’ म्हणजे आता आपल्याला नव्याण्णव वर्षांची सवड आहे, असा त्याचा हिशेब.

जागांचा नाद सोडून आम्ही जुन्या घराच्या मागे लागलो. आता येथे थोडा कायदा सांगितला पाहिजे; कंटाळा करू नये, कारण सगळी हकीकत त्यावरच अडली आहे. आपल्या महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, हे आपण जाणता. हिमाचल प्रदेशाने १९७२ च्या कायद्याच्या ११८ व्या कलमाने हेच बंधन अधिक कडक केले. उत्तराखंडाचे मात्र मन सारखे बदलत आले. राज्य झाले २००० साली. २००३ साली बाहेरच्या माणसाला घरासाठी ५०० चौरस मीटरांची मर्यादा घातली, २००७ साली ती २५० वर आणली, २०१८ साली उद्योगधंद्यांच्या नावाने दारे पुष्कळ सैल केली, आणि २०२५ साली पुन्हा आवळली. या शेवटच्या कायद्याने १३ पैकी ११ जिल्ह्यांत शेतीची आणि फळबागेची जमीन बाहेरच्यांना बंद झाली. नगरपालिकांच्या हद्दीबाहेर घरापुरती २५० चौरस मीटर जागा मिळू शकते, तीही एका कुटुंबाला एकदाच आणि शपथपत्रावर.

तिकडे जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे २४० चौरस यार्ड, आपल्या दोन गुंठ्यांना किंचित कमी. वीस नाली म्हणजे एक एकर. बाहेरच्याच्या वाट्याला येते ती सव्वा नाली, आपले अडीच गुंठे. शहरात अडीच गुंठ्यांत माणूस स्वतःला जहागीरदार समजेल. पहाडात मात्र घर हे शेतापासून, गोठ्यापासून, गवताच्या रानापासून तोडून काढले तर उरते काय, हा प्रश्न आम्हांला तेव्हा सुचलाही नव्हता.

जे घर आमच्या मनात भरले ते मोटाररस्त्यापासून दीड किलोमीटर खाली, पायवाटेवर होते. गावाचे नाव सांगत नाही. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना तेथेच राहावयाचे आहे. घर म्हणजे एका ‘बाखली’चा मधला भाग. बाखली म्हणजे एकाच कुळाच्या भावाभावांची एका रांगेत बांधलेली घरे: मधल्या भिंती सामाईक, छप्पर सलग, पुढे दगडी फरशीचे लांबलचक अंगण. खालच्या मजल्याला ‘गोठ’ म्हणतात, आपल्या गोठ्याचाच भाऊ, तेथे गुरे. वर ‘चाख’ म्हणजे पुढची बैठकीची खोली, आणि तिच्या आत स्वयंपाकघर. गुरांची ऊब फळ्यांतून वर यावी अशी ती योजना. भिंती दगडमातीच्या, छप्पर पाथरांचे, म्हणजे दगडी पाट्यांचे. दाराच्या चौकटीवर कोरीवकाम इतके सुरेख की सौ. तिथेच उभी राहून म्हणाली, ‘हेच घ्यायचं.’

आम्ही विसार दिला. हिशेबाच्या कचेरीत चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारणाऱ्याने खतौनी न पाहता विसार दिला, हे येथे कबूल केले पाहिजे. नंतर पटवाऱ्याकडे खतौनी पाहिली तेव्हा त्या घराला आणि त्यासोबतच्या चौदा नाली शेतीला सतरा नावे निघाली. तिघे वारलेले, एकाचा पत्ता नाही, बाकीचे हल्द्वानी, दिल्ली, लखनौ असे पांगलेले. अशा सामाईक खात्याला तिकडे ‘गोल खाता’ म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. कोठूनही सुरुवात करा, फिरून तेथेच येता. येथे कोकणातील मंडळी बसली असतील त्यांना यात नवल वाटणार नाही. गणपतीला उघडणाऱ्या आणि एरवी कुलूप असणाऱ्या घरांचे सातबारे काढून पाहा, म्हणजे गोल खाता हा काही हिमालयातला चमत्कार नव्हे हे कळेल.

मध्यस्थाने विसाराची पावती एका भावाच्या सहीची आणली होती. तो भाऊ म्हणाला, माझ्या हाती निम्मी रक्कमसुद्धा आली नाही. उरलेली कोठे गेली ते आम्ही आजही शोधीत नाही. पण त्या निमित्ताने आम्ही गावात जाऊन बसलो, आणि शेजारच्या घरातल्या आमांची गाठ पडली.

आमा म्हणजे आजी. त्या कुळातल्या थोरल्या भावाची विधवा, वय पंचाहत्तरीच्या पुढे. बाखलीतल्या पाच घरांपैकी चूल पेटती ती एकट्या त्यांचीच. आम्हांला वाटले, म्हातारी वडिलोपार्जित वास्तू परक्याला जाते म्हणून विरोध करील. त्यांनी विरोध केला नाही, आणि संमतीही दिली नाही. आम्हांला हाताला धरून आत नेले आणि आपल्या चाखेची भिंत दाखविली. भिंतीला कमेट नावाच्या पांढऱ्या मातीने सारवले होते. वरच्या अर्ध्या भागाला ओलीचे काळे नकाशे उमटले होते. त्या म्हणाल्या, ‘ही भिंत अर्धी माझी, अर्धी तुम्ही घेताय त्या घराची. माझ्या बाजूनं मी सारवते. पाणी पलीकडून येतं.’

त्यामागचे कारण असे. पाथरांच्या छपराखाली लाकडाचे वासे असतात. घरात रोज चूल पेटली की धूर वर चढतो; त्या धुराने लाकूड कोरडे राहते, त्याला कीड लागत नाही. शिवाय राहता माणूस दरसाल पावसाच्या आधी छपरावर चढून सरकलेले पाथर नीट बसवितो, जशी आपल्याकडे कौले चाळतात. घर बंद झाले की धूर बंद होतो आणि चाळणेही बंद होते. चार-पाच पावसाळ्यांत वासा कुजतो. आणि छप्पर सलग असल्यामुळे कुजलेला वासा आपल्या मालकापुरता कुजत नाही. शेजाऱ्याचे छप्पर खाली ओढतो. मधले घर नऊ वर्षे बंद होते. आमांच्या घराला माणसाने धक्का लावला नव्हता, ते शेजारच्या कुलपामुळे पडत होते.

आम्ही म्हणालो, ‘आमा, आम्ही घेतलं की दुरुस्त करू.’ त्यांनी विचारले, ‘पूस-माघात राहाल?’ पूस-माघ म्हणजे आपले पौष आणि माघ. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचा बेत एप्रिल ते जून आणि मग ऑक्टोबरचा एक महिना, असा होता. आमांना तो न सांगताही कळला असावा. त्या म्हणाल्या, ‘वरच्या बाजूला तीन घरं विकली गेली. रंग छान दिलाय. कुलूपं पण नवीन आहेत.’

त्या एका प्रश्नाने आमचा सगळा व्यवहार उलटापालटा केला. त्या वर्षी आम्ही खरेदी थांबविली, सह्या करू शकणाऱ्या भावांकडून ते घर भाड्याने घेतले, जुजबी डागडुजी करून ऑक्टोबरात बिऱ्हाड मांडले आणि मार्चपर्यंत हललो नाही. खरेदीदाराने जे कधी पाहावयाचे नसते ते सगळे त्या सहा महिन्यांत पाहिले.

प्रथम पाणी. नळ आला आहे. पण नळाच्या मागे झरा लागतो. गावाचे खरे पाणी म्हणजे नौला: डोंगरातून झिरपणारे पाणी साठविण्यासाठी बांधलेली पायऱ्यांची छोटी बारव, वर दगडी छत, आत कोनाड्यात देव. आत पायताण घालून कोणी उतरत नाही. भारतीय हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चालले आहेत असे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटले आहे. ते वाचताना आकडा वाटतो. मे महिन्यात नौल्याच्या तळाशी वाटीने पाणी भरताना तसे वाटत नाही. आमच्या मूळ नकाशात छपरावर दोन हजार लिटरची टाकी, खाली पंप आणि पाहुण्यांच्या खोलीला वेगळे न्हाणीघर होते. एके दिवशी सकाळी नौल्यावर घागरी मोजल्या आणि संध्याकाळी तो नकाशा चुलीत घातला.

मग सरपण. घराभोवतीचे रान वनपंचायतीचे. त्यामागे इतिहास आहे. १८९३ साली सरकारने कुमाऊंतली सगळी न मोजलेली जमीन संरक्षित म्हणून आपल्याकडे घेतली, लोकांनी वर्षानुवर्षे भांडण मांडले, १९२१ साली चिडाची जंगले पेटविली, आणि मग १९३१ च्या नियमांनी गावांना आपली रानेे सांभाळण्याचा अधिकार मिळाला. आज उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. गवत कोणत्या दिवसापासून कापावयाचे, बांजाची फांदी कोणी आणि किती तोडावयाची, हे पंचायत ठरविते. घर विकत घेतल्याने त्या रानातला वाटा आपोआप खिशात येत नाही. तो पिढ्यांच्या राहण्याने आलेला असतो. आम्हांला पहिल्या हिवाळ्यात लाकूड दिले ते आमांच्या वाट्यातून, आणि त्याचा मोबदला म्हणून सौ. रोज दुपारी गावच्या चार मुलांचे गणित घेई. मुले चारच होती. गावात सव्वीस घरे, चुली पेटत नऊ.

याबाबतचे आकडे उत्तराखंडाच्या स्थलांतर आयोगाने २०१८ साली प्रसिद्ध केले आहेत. दहा वर्षांच्या अवधीत ३,९४६ ग्रामपंचायतींतून १,१८,९८१ माणसे कायमची निघून गेली. निम्मी पोटापाण्यासाठी, त्याखालोखाल मुलांच्या शिक्षणासाठी, मग औषधपाण्यासाठी. २०११ नंतर ७३४ वस्त्या संपूर्ण ओस पडल्या. त्याआधीच, २०११ च्या खानेसुमारीत, अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली आढळली होती.

आकडे बाजूला ठेवून जानेवारीतला एक दिवस सांगतो. गावातले एक वृद्ध गृहस्थ रात्री वारले. स्मशान खाली नदीकाठी, दोन तासांची उतरण, वाट गोठलेल्या दंवाने निसरडी. प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक लाकूड, अशी तेथली रीत. नऊ घरांतून निघाले पाच पुरुष. त्यांत एक सत्तरीचा आणि एकाचा हात मोडलेला. खांद्यांना माणसे पुरेनात म्हणून शेजारच्या गावातून दोघांना दूरध्वनी करून बोलाविले, आणि ते येईपर्यंत आमच्यापैकी ज्याचे गुडघे बरे होते त्याने खांदा दिला. वाटेत वरच्या आळीतली ती तीन रंगविलेली घरे लागली. कुलपे खरोखरच नवीन होती. त्या घरांचे मालक वाईट माणसे असतील असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी पैसे मोजले, कायदा पाळला, गवंड्याला काम दिले. त्या दिवशी ते तेथे नव्हते, इतकेच.

याच सुमारास आमच्या वाचनात आल्बिनेन या खेड्याची हकीकत आली. हे स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातले डोंगरगाव, वस्ती सुमारे अडीचशे, शाळा बंद पडलेली. २०१७ साली गावाने सभा घेऊन ठराव केला: जो येथे घर घेईल किंवा बांधील त्याला दर प्रौढ माणसामागे २५,००० फ्रँक आणि दर मुलामागे १०,००० फ्रँक द्यावयाचे. बातमी जगभर झाली आणि ते चिमुकले गाव अर्जांनी बुडून गेले. पण अर्जदारांनी अटी वाचल्या नव्हत्या. वय पंचेचाळिसाच्या आत पाहिजे, घराची किंमत निदान दोन लक्ष फ्रँक पाहिजे, ते राहते घर पाहिजे, सुटीचे चालणार नाही. आणि दहा वर्षांच्या आत उठून गेलात तर पैसे परत. एका टोकाला उत्तराखंड बाहेरच्याला मर्यादा घालते, दुसऱ्या टोकाला आल्बिनेन त्याला पैसे देते. पण बारकाईने पाहिले तर आल्बिनेनची अट आणि आमांचा प्रश्न एकच आहे. पूस-माघात राहाल का? आम्ही त्या गावी वयाने बाद झालो असतो, हे ओघाने आलेच.

आता दुसरी बाजू न सांगितली तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. खतौनीतल्या सतरा नावांपैकी एक नाव आमांच्या पुतण्याचे. तो दिल्लीत एका कारखान्यात नोकरीला. मुलगी हुशार, तिला शिकवावयाचे आहे, आणि त्यासाठी त्याला या घराचा आपला हिस्सा मोकळा हवा आहे. आम्ही खरेदी थांबविल्याचे कळले तेव्हा तो रजा काढून आला. अंगणात उभा राहून म्हणाला, ‘साहेब, तुम्हांला आमची गावं जशीच्या तशी बघायला आवडतात. माझा बाप खाली शहरात भांडी घासायला गेला तेव्हा हे घर बघायला कोणी आलं नाही. आज चार पैसे येतायत तर तुम्हांला धर्म सुचला.’ आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते, आजही नाही. कायद्याने बाहेरच्यांना शेतजमीन बंद केली हे गावाच्या दृष्टीने बरे झाले असे आमचे मत आहे. पण त्याचा भार अशाच माणसांवर पडतो ज्यांच्यापाशी विकण्यासारखे दुसरे काही नाही, हेही खरे आहे. जमीन विकू नका म्हणणाऱ्यांनी त्याच्या मुलीच्या फीचे काय ते सांगावयास हवे. ते आजवर कोणी सांगितलेले नाही.

बाहेरचा माणूस सर्वथा नकोच, असेही गावाचे म्हणणे नाही. रामगडजवळ उमागड म्हणून गाव आहे. तेथे कवयित्री महादेवी वर्मा यांनी गेल्या शतकातील चौथ्या दशकात घर बांधले, आणि राहताना गावच्या स्त्रियांच्या, मुलांच्या शिक्षणाचे काम केले. ते घर आज साहित्यसंस्थेच्या रूपाने उभे आहे. अशी माणसे लोक विसरत नाहीत. पण आम्ही पडलो दोन पेन्शनर. आमच्याने गावाचा उद्धार व्हावयाचा नव्हता. आमच्याने व्हावयाजोगे एक काम होते, ते म्हणजे चूल पेटती ठेवणे.

म्हणून शेवटी असे ठरले. घर विकत घ्यावयाचे नाही. भाडेचिठ्ठी दर अकरा महिन्यांनी नवी करावयाची. भाड्याचे वाटे खतौनीतल्या हयात वारसांना ज्याच्या त्याच्या हिश्श्याने पोचवावयाचे. ही वाटणी हाच एक मोठा उद्योग आहे. चाळीस वर्षांची हिशेबाची नोकरी या म्हातारपणी कामी आली. छपराचा खर्च आमचा. अट आमांची: दसऱ्यापासून होळीपर्यंत आम्ही तेथे असावयाचे. पुतण्या भाड्याचा वाटा घेतो, आमच्याशी बोलत मात्र नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलीने परस्पर सौ.ला पत्र लिहिले, त्यात परीक्षेचे गुण कळविले होते. ते पत्र बापाला दाखवून लिहिले की चोरून, ते तिने लिहिले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आमच्या मुलाला हा व्यवहार अर्थातच वेडेपणाचा वाटतो. मालकी नाही, विकता येणार नाही, वारशाने मिळणार नाही, आणि वर पैसा घालावयाचा दुसऱ्याच्या छपरावर! हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनचूक आहे. आम्ही त्याला एवढेच सांगितले की आमच्या चाखेची भिंत कोरडी आहे. पलीकडच्या बाजूने आमांची भिंतही दोन पावसाळे कोरडी राहिली. आता काळजी आहे ती पलीकडल्या शेवटच्या घराची. त्याचा वासा खचला आहे, मालक लखनौला, आणि ते पडले तर ओढ आमच्या छपराला बसणार. नवे पाथर सहजासहजी मिळत नाहीत. पडलेल्या घरांचे काढून आणावे लागतात. गावात असे एक घर याच हिवाळ्यात बसले. त्याचे पाथर धन्याने देऊ केले आहेत, पण ते पावसाच्या आत उचलून, वाहून, बसवून झाले पाहिजेत. खेचरवाला एक, तो लग्नसराईत सापडत नाही. गवंडी एक, त्याची बायको आजारी. आमांचा परवा निरोप आला की माणसे जमली आहेत, तुम्ही या.

तेव्हा कार्यवाहांची क्षमा मागून सांगतो की उद्याच्या व्याख्यानाला आम्ही असणार नाही. रात्रीच्या गाडीने निघावयाचे आहे, आणि सौ. बाहेर सामान घेऊन उभी आहे.